भट्टीतून निघालेली होडी

१२ ऑगस्ट १९४८ ही तारीख आपल्याकडे लक्षात आहे ती हॉकीमुळे. वेम्बलीच्या मैदानात भारताने ब्रिटनला ४-० असं हरवून ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेतलं, आणि स्वातंत्र्याचं पहिलं वर्ष पुरं व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते. त्याच दिवशी लंडनपासून लांब, इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर टॉर्बे नावाच्या उपसागरात, वीस वर्षांचा एक डॅनिश मुलगा बारा फुटी लाकडी होडीत एकटाच बसून शर्यतीच्या इशाऱ्याची वाट बघत होता. त्याला पहिला नंबर हवा होता. दुसरा आला असता तर सुवर्णपदक हातचं गेलं असतं. असं का, हे समजायला शाळेतलं लॉगटेबल पुन्हा काढावं लागेल. ते थोड्या वेळाने काढू. आधी होडी बघू, कारण ती ज्या रीतीने बनली होती त्या रीतीने त्याआधी होड्या बनत नसत.

होडी म्हटली की फळ्या आल्या. कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठी जा, आधी कणा मांडतात, त्यावर फासळ्या उभ्या करतात, मग एकेक फळी वाकवून बसवतात, आणि फटींत कापूस-सूत कोंबून वर तेल-राळ चोपडतात. इंग्लंडमधले सुतार काही फार वेगळं करत नव्हते. शर्यतीच्या छोट्या होड्यांसाठी महोगनीच्या पातळ फळ्या आणि तांब्याचे शेकडो रिव्हेट लागत. एकेका होडीचं काम महिनोन्‌महिने चाले आणि तिची किंमतही तशीच असे. त्यात भर म्हणजे एकाच नकाशावरून बांधलेल्या दोन होड्याही हुबेहूब नसत. सुताराचा हात, लाकडाचा ओलेपणा, मालकाचा खिसा, सगळं त्या होडीत उतरायचं. शर्यत कुणी जिंकली, माणसाने की त्याच्या सुताराने, हा वाद काठावरच्या क्लबांमध्ये चहाबरोबर चालायचा.

हा वाद ज्याच्यामुळे जास्तच पेटला तो माणूस उफा फॉक्स. जन्म १८९८, वाइट बेटावरच्या ईस्ट काउझ गावात. काउझ म्हणजे ब्रिटिश शिडाच्या होड्यांची पंढरी, आणि उफा तिथला वारकरीही होता आणि बडवाही. तरुणपणी समुद्री स्काउटच्या पोरांना घेऊन हा उघड्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला गेला होता. नदी ओलांडायला साखळीवर ओढत नेणारी एक जुनी तर निकालात निघाली, ती याने विकत घेतली आणि तिच्यावरच कारखाना थाटून राहू लागला. लोकांनी हसायचं तेवढं हसून घेतलं. १९२८ मध्ये मात्र हसू थांबलं.

त्या वर्षी त्याने ‘ॲव्हेंजर’ नावाची चौदा फुटी होडी पाण्यात उतरवली. तोवर होडीचं काम पाणी कापत जायचं असं सगळे धरून चालत होते. उफाने पुढचा भाग इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता ठेवला आणि मागचा तळ चपटा केला. तळ्यात चपटा दगड आडवा भिरकावला की तो बुडायच्या आधी पाण्यावरून टप्पे घेत जातो, तसं वारा चढला की ही होडी पाण्यातून वर उठे आणि पाण्याच्या अंगावरून घसरत सुटे. पहिल्या मोसमात ती ५७ शर्यतींत उतरली. ५२ वेळा पहिली, दोनदा दुसरी, तीनदा तिसरी. याच चौदा फुटी खेळण्यातून तो खाडीपार फ्रान्सच्या ल आव्हर बंदरात गेला, तिथे शर्यत खेळला आणि परत आला. शहाण्या माणसाने हे करू नये, पण शहाण्या माणसाने ‘ॲव्हेंजर’ही बांधली नसती.

मग युद्ध आलं. बॉम्ब टाकून परतताना वैमानिक उत्तर समुद्रात पडत. रबरी तराफ्यावर तरंगत राहण्यापलीकडे त्यांना काही करता येत नसे, वारा नेईल तिकडे जायचं. उफाने अशी होडी आखली जी विमानाच्या पोटाखाली चिकटवून न्यायची आणि पॅराशूटने समुद्रात सोडायची. तिचा आकार पाण्याला चालेल तसा आणि हवेलाही चालेल असा हवा होता, कारण विमान उडताना तीच त्याचं पोट होती. आत इंजिन होतं आणि शीडसुद्धा, आणि ज्याने आयुष्यात शिडाच्या दोरीला हात लावला नाही अशा वैमानिकासाठी शीड कसं चालवायचं याच्या सूचनाही. मे १९४३ मध्ये ती पहिल्यांदा खऱ्या कामाला आली. मला वाटतं, उफाच्या पुढच्या कामाची खरी तयारी इथेच झाली. होडी आणि विमान या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात आता शेजारी शेजारी बसल्या होत्या.

विमानांच्या बाजूनेही कुणीतरी होड्यांकडे बघत होतं. फेअरी एव्हिएशन ही ब्रिटिश नौदलाला विमानं पुरवणारी कंपनी. तिचं ‘सोर्डफिश’ म्हणजे कापड चढवलेलं, दोन पंखांचं, दिसायला जुनाट विमान. पण १९४१ च्या मे महिन्यात ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू अडकवून टाकणारा पाणतीर त्यानेच सोडला होता. कंपनीचा मालक सर रिचर्ड फेअरी स्वतः शिडाच्या जहाजांचा नादी. युद्धाआधी त्याच्याकडे ‘शॅमरॉक ५’ होती, सुमारे १२० फूट लांबीची, डोलकाठी बघायला मान मोडून वर करावी लागे अशी. युद्ध संपलं, विमानांच्या मागण्या एका रात्रीत आटल्या. कारागीर होते, यंत्रं होती, लाकूड वाकवण्याची नवी विद्या होती आणि कामच नव्हतं. हॅम्बल नदीच्या तोंडाशी फेअरी मरीन उभी राहिली ती या पेचातून. १२० फुटी जहाजाच्या मालकाच्या कारखान्यात उफाने आखलेली बारा फुटी होडी बनू लागली.

त्या नव्या विद्येबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. युद्धात ॲल्युमिनियमची टंचाई होती, तेव्हा ब्रिटनने लाकडाची विमानं करून पाहिली. डी हॅविलँड कंपनीचं ‘मॉस्किटो’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. त्याचं धड साच्यावर दोन भागांत बनत असे, बर्च आणि बाल्सा लाकडाचे थर एकावर एक चिकटवून. सुतारकामाची जुनी सरस अशा कामात कुचकामी, कारण पाणी लागलं की ती सुटते. पण १९३०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम राळेचे गोंद शोधले होते. ते एकदा घट्ट झाले की पाण्याला दाद देत नसत. लाकूड तुटेल, जोड तुटणार नाही.

हॅम्बलच्या कारखान्यात हेच होडीला लावलं. होडी उलटी पालथी घातल्यासारखा भरीव लाकडी साचा असे. त्यावर आधी कण्याचं लाकूड बसवत. मग बर्चच्या कागदासारख्या नाही, पण दुधाच्या जाड सायीसारख्या म्हणता येतील अशा पातळ पट्ट्या तिरप्या लावत जायच्या, साच्याच्या अंगावर टाचण्या मारून. पहिला थर एका दिशेने तिरपा, त्यावर गोंद, दुसरा थर उलट दिशेने. बांबूची टोपली विणताना कारागीर हात फिरवतो तसं. बर्च म्हणजे आपला भूर्ज. दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. आपल्या लोकांनी त्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या आणि ह्यांनी त्याच्या लाकडाची होडी केली.

थर पुरे झाले की सगळ्यावर रबराची पिशवी चढवायची आणि आतली हवा ओढून घ्यायची. पिशवी ओल्या चामड्यासारखी साच्याला घट्ट चिकटायची. मग तो साचा पिशवीसकट रुळांवरून एका प्रचंड लोखंडी नळकांड्यात ढकलायचा, दार बंद करायचं आणि वाफ सोडायची. घरातला प्रेशर कुकर जे डाळीला करतो तेच हे नळकांडं होडीला करायचं, आतला दाब सगळीकडून सारखा आणि उष्णता पाणी उकळेल एवढी. दार उघडलं की होडी शिजलेली. साच्यावरून उचलायची, कडा कापायच्या, डेक चढवायचा. आत फासळ्यांची गर्दी नाही, बाहेर फटी नाहीत, अंड्याच्या टरफलासारखी एकसंध काया. आणि साचा एकच असल्यामुळे पहिली आणि शंभरावी होडी यांत फरक काढायला सुताराला चष्मा लागला असता.

१९४६ मध्ये पहिल्या चार होड्या भट्टीतून बाहेर आल्या. त्यांची नावं फी, फाय, फो आणि फम. इंग्रजी परीकथेतला राक्षस माणसाचा वास आला की असं गुरगुरतो. कारखान्यातल्या माणसांना विनोदबुद्धी होती एवढं नक्की. वर्गाचं नाव मात्र कंपनीच्या विमानावरून ठेवलं: फायरफ्लाय, काजवा. फेअरीची ही रीतच झाली. पुढे सोर्डफिश आली, अल्बकोर आली, विमानांची नावं होड्यांना मिळत गेली. (फायरफ्लाय विमान आपल्या नौदलाकडेही होतं. पन्नासच्या दशकात कोचीच्या नौदल तळावरून ते तोफांच्या सरावासाठी मागे निशाणाचं कापड ओढत फिरायचं. निवृत्तीतलं काम.)

होडी बारा फूट लांब, चार फूट आठ इंच रुंद. मोठं आणि पुढचं अशी दोन शिडं, मिळून नव्वद चौरस फूट. मधोमध खाचेतून वर-खाली होणारा लोखंडी पत्रा, जो पाण्यात सोडला की होडी बाजूला वाहवत नाही आणि किनाऱ्याशी आलं की वर ओढून घ्यायचा. दोघांनी चालवायची, पण एकट्यालाही जमेल अशी. किंमत ६५ पौंड. ढोबळ हिशेबाने तेव्हाच्या ब्रिटिश कामगाराची दहा आठवड्यांची कमाई. स्वस्त म्हणता येणार नाही, पण याआधी हा खेळ ज्या लोकांचा होता त्यांच्या हिशेबात ही चिल्लर होती आणि शिक्षक, कारकून, नौदलातून सुटलेला अधिकारी यांच्या आवाक्यात पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं. तेही कुठल्या दिवसांत? ज्या ब्रिटनमध्ये ऐन युद्धातही पावावर रेशन नव्हतं, तिथे ते जुलै १९४६ मध्ये, युद्ध जिंकल्यावर लागलं. पाव मोजून आणि होडी भट्टीतून, असे ते दिवस.

पावाचं रेशन उठलं जुलै १९४८ मध्ये आणि त्याच महिन्याअखेर लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं. काटकसरीचं ऑलिंपिक म्हणून ते ओळखलं जातं. नवं क्रीडाग्राम नाही. खेळाडू लष्करी छावण्यांत आणि महाविद्यालयांत उतरले. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने तिथे पोहोचले ते याच वेळी. आयुष्यात पहिल्यांदा मातीऐवजी मॅटवर उतरून त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

शिडाच्या होड्यांसाठी लंडनमध्ये समुद्र कुठून आणणार? त्या शर्यती टॉर्की गावासमोरच्या टॉर्बेत ठेवल्या, आणि लंडनहून ऑलिंपिकची ज्योत धावपटूंनी हातोहात तिथवर नेली. एकट्याने चालवायच्या होडीच्या गटासाठी संयोजकांनी फायरफ्लाय निवडली. खरं तर ती दोघांची होडी. पण ती तयार मिळत होती, स्वस्त होती आणि सगळ्या सारख्या होत्या, आणि संयोजकांच्या लेखी हा शेवटचा गुण सोन्यासारखा होता. होड्या यजमानांनीच द्यायच्या, चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, कुणी आपल्या सुताराला सोबत आणायचं कारण नाही. एकवीस देशांचे एकवीस जण आले. ब्रिटनकडून उतरले आर्थर मॅकडॉनल्ड, हवाई दलातले बडे अधिकारी, युद्धाआधी रडारच्या सुरुवातीच्या चाचण्यांत ज्यांचा हात होता असे. पुढे पन्नासच्या दशकात ते पाकिस्तानी हवाई दलाचे सरसेनापती झाले. स्वीडनकडून रिकार्ड सार्बी आला, उप्सालाचा, पेशाने न्हावी. आणि डेन्मार्ककडून हेलरुपचा पॉल एल्व्हस्ट्रॉम, वय वर्षं वीस. पहिल्याच शर्यतीत तो वाटेतून बाहेर पडला. गुण शून्य.

आता लॉगटेबल. त्या काळी ऑलिंपिकच्या शर्यतीत गुण असे देत: स्पर्धकांच्या संख्येचा लॉग घ्यायचा, त्याला हजाराने गुणायचं, त्यातून आपल्या क्रमांकाचा लॉग हजाराने गुणून वजा करायचा आणि वर १०१ मिळवायचे. क्लार्कच्या पुस्तकात बोट फिरवलेल्यांना २१ चा लॉग १.३२२ आणि २ चा ०.३०१ हे आठवत असेल. म्हणजे एकवीस होड्यांत पहिल्याला १४२३ गुण, दुसऱ्याला ११२२. पहिला आणि दुसरा यांच्यात ३०१ गुणांची दरी. दहावा आणि अकरावा यांच्यात मात्र जेमतेम ४१. आणि अगदी शेवटी आलेल्यालाही १०१ मिळायचे, आल्याबद्दल. ही पद्धत कुणी काढली त्याचा स्वभाव मला आवडतो. सगळीकडे बरं खेळणाऱ्याला तिने कधी फार जवळ केलं नाही. जिंकणाऱ्याच्या मात्र ती पायघड्या घालायची. सात शर्यती व्हायच्या, त्यांतली सर्वांत वाईट सोडून द्यायची.

एल्व्हस्ट्रॉमची सोडायची शर्यत पहिल्याच दिवशी ठरून गेली होती. आता एकही फुकट जाऊन चालणार नव्हती. पुढच्या चार शर्यतींत त्याचा सर्वांत चांगला क्रमांक तिसरा आणि सर्वांत वाईट अकरावा. हे काही विजेत्याचं प्रगतिपुस्तक नव्हे. मग सहावी शर्यत त्याने जिंकली. आणि १२ ऑगस्टची सातवीही.

शेवटी बेरीज झाली: एल्व्हस्ट्रॉम ५५४३, अमेरिकेचा राल्फ इव्हान्स ५४०८, हॉलंडचा कोस डी याँग ५२०४. चौथा न्हावी सार्बी. आता यातून ते ३०१ गुण वजा करून बघा. शेवटच्या शर्यतीत एल्व्हस्ट्रॉम कुणाच्याही मागे दुसरा आला असता तर त्याचे ५२४२ झाले असते आणि सुवर्ण अमेरिकेला गेलं असतं. सात शर्यती, दहा दिवस, आणि सगळं शेवटच्या शर्यतीतल्या एका होडीच्या अंतरावर.

या मुलाने पुढे १९५२, ५६ आणि ६० अशी आणखी तीन सुवर्णपदकं घेतली, सलग चार ऑलिंपिकमध्ये चार. त्याचं गुपित म्हणाल तर ते मांड्यांत होतं. वारा चढला की छोटी होडी एका अंगाला कलंडते. तिला सरळ ठेवायची म्हणजे पाय आतल्या पट्ट्यात अडकवून सगळं धड काठाबाहेर पाण्यावर तोलून धरायचं. बाकीचे दमले की आत बसत. याने घरी बाक बनवून त्यावर हिवाळाभर तसं लटकण्याचा सराव केला होता. तोवर शीड म्हणजे सभ्य लोकांची मोकळ्या हवेतली करमणूक समजली जायची, तिच्यासाठी कुणी व्यायाम करतं ही कल्पनाच नवी होती. साताऱ्याकडच्या पैलवानाला यात नवल वाटलं नसतं. खाशाबा चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य जिंकले, आणि त्याच हेलसिंकीत एल्व्हस्ट्रॉमने दुसरं सुवर्ण घेतलं.

पण हेलसिंकीत फायरफ्लाय नव्हती. तिचं ऑलिंपिक एकदाच झालं. एकट्या माणसासाठी दोन शिडांची होडी ही तडजोड होती आणि ती सगळ्यांना कळत होती. पुढच्या खेळांसाठी नवी होडी हवी असं फिनलंडने जाहीर केलं, तेव्हा नकाशे पाठवणाऱ्यांत उप्सालाचा न्हावीही होता. टॉर्बेत फायरफ्लायशी झुंजून त्याला नेमकं काय खटकलं असेल ते त्याच्या होडीत दिसतं: शीड एकच, डोलकाठी पुढे सरकवलेली, अंग भारी, माणूस एकटा. सार्बीने होडी स्वतः बांधून चाचणीला आणली. तिचं नाव फिन. १९५२ पासून अलीकडच्या टोकियो खेळांपर्यंत ती ऑलिंपिकमध्ये राहिली. हेलसिंकीत तिच्यात पहिला एल्व्हस्ट्रॉम, तिसरा खुद्द सार्बी. आणि दुसरा? चार्ल्स करी, ब्रिटनचा, हॅम्बलच्या फेअरी मरीनमध्ये काम करणारा. भट्टीवाल्यांचा माणूस न्हाव्याच्या होडीत बसून रौप्य घेऊन आला.

फेअरीच्या भट्टीची धग पुढे काही वर्षं टिकली. तिच्यातून हजारोंनी होड्या निघाल्या, मग केबिनच्या मोठ्या होड्या, मग इंजिनाच्या. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या १९६३ च्या बाँडपटात समुद्रावर जो पाठलाग आहे त्यात फेअरीच्याच बोटी आहेत. पण या पद्धतीचं एक दुखणं होतं. भट्टी एकाच ठिकाणी असणार, होडी तिथूनच विकत घ्यावी लागणार. आणि तेव्हाच लंडनमध्ये जॅक होल्ट नावाचा होडीवाला अगदी उलट विचार करत होता. गोल पोट सोडून द्या, तळ आणि बाजू सपाट ठेवा, म्हणजे बाजारातली प्लायवुडची पाटी कापून घरच्या अंगणात होडी जोडता येईल. त्याची पोरांसाठीची कॅडेट १९४७ मध्ये आली, १९५६ मध्ये एका वर्तमानपत्राच्या पाठबळावर निळ्या शिडांची एंटरप्राइझ. त्या वर्षी ऐन जानेवारीच्या थंडीत, रात्रीच्या वेळी, दोन एंटरप्राइझ इंग्लिश खाडी ओलांडून गेल्या. उफाचं वेड सांसर्गिक असावं. १९६३ मध्ये ‘डेली मिरर’ची मिरर आली, तिच्या पाट्या तर तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि शिवणीवर काचतंतूची पट्टी चिकटवायची. ज्याला पडद्याला टीप घालता येते त्याला होडी येते, असा प्रकार. उफा फॉक्स आणि जॅक होल्ट यांच्यात थोर कोण, यावर तिकडे अजून वाद होतो. मला स्वतःला उफाची होडी जास्त देखणी वाटते, पण लाखभर घरांत शीड नेलं ते होल्टने, हे नाकबूल करता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर या पिढीतलं जे आलं ते प्लायवुडच्या बाजूने. मुंबईत १९८२ च्या आशियाई खेळांच्या शिडांच्या शर्यती झाल्या, तेव्हा पाण्यात होल्टची एंटरप्राइझ होती आणि पीटर मिल्नची १९६२ ची फायरबॉल. फायरबॉल म्हणजे पेटीच्या झाकणासारखी चपटी, प्लायवुडच्या पाट्यांची होडी. तिच्यात फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं. खेळ दिल्लीचे म्हणून लक्षात राहिले, हे पदक मुंबईच्या खाऱ्या पाण्यात मिळालं होतं.

लाकडाचे दिवस काचतंतूने संपवले. साठच्या दशकानंतर फायरफ्लायही प्लॅस्टिकची होऊ लागली. बर्चच्या होड्यांचा वैरी म्हणजे गोडं पाणी: वार्निशाचा कुठे टवका उडाला, डेकवर पावसाचं पाणी साचून राहिलं, की थरांमध्ये काळपट डाग शिरतो. गोंद सुटत नाही, लाकूडच कुजतं. तरीही सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या होड्या वार्निश घासून, नवं चढवून अजून पाण्यात दिसतात. जहाजाच्या बाबतीत हे वय मोठं नाही, पण एके काळच्या स्वस्त, कारखान्यातल्या मालासाठी ते आहे.

ऑलिंपिकने फायरफ्लाय सोडली तरी विद्यापीठांनी तिला सोडलं नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पोरं आजही तिच्यातच एकमेकांशी भिडतात. लिव्हरपूलजवळ वेस्ट कर्बी इथे समुद्रालगत बांधलेलं एक उथळ तळं आहे. १९४९ पासून तिथे विल्सन ट्रॉफी नावाची सांघिक स्पर्धा होते, तीन होड्यांविरुद्ध तीन, फायरफ्लायमध्ये. तिथे लॉगटेबल लागत नाही. सहा होड्यांचे क्रमांक मिळवले तर बेरीज एकवीस. ज्या संघाची दहा किंवा कमी तो जिंकला. म्हणजे आपला एक गडी पहिला आणि बाकी दोघे पाचवा-सहावा, तर बेरीज बारा, हरलात. म्हणून काठावर उभं राहिलं की एक चमत्कारिक दृश्य दिसतं. सर्वांत पुढची होडी शेवटच्या खुणेपाशी येते, मागे वळून पाहते आणि शीड ढिलं सोडते. कापड फडफडत राहतं. ती तिथेच थांबते, मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत आडवी होऊन, आपल्या मागे राहिलेल्या दोघांना पुढे जाऊ देण्यासाठी.